पायरीजवळचा गोल

माझ्या बायकोलाही हे ठाऊक नाही. सौंसरच्या घरात आता आम्ही दोघंच असतो, दिवसभर बोलत असतो, पण एका दुपारपाशी गोष्ट आली की मी विषय बदलतो. आज तुम्हाला सांगतो. कुठून सुरू करू?

खेळापासूनच करतो — कारण खेळ चांगला होता, तेवढं तरी खरं आहे.

मोहगावकडच्या एका खेड्यातल्या मराठी शाळेत मी तिसरी-चौथीला इंग्रजी शिकवायचो. फळ्यावर ॲम, इज, आर लिहून लिहून मी थकलो, पोरंही थकली. मग एके दिवशी व्हरांड्यात खडूनं तीन मोठे गोल काढले आणि एकेकात एकेक शब्द लिहिला. मी 'शी' म्हटलं की पोरं इजकडे पळायची, 'दे' म्हटलं की आरकडे. चुकीच्या गोलात गेलेला बाद नाही — पुढचा शब्द त्यानं सांगायचा. त्यामुळे काही जण मुद्दाम चुकायचे. एक पोरगं घरी एक संत्रा उचलून 'इज' म्हणायचं आणि भरल्या टोपलीकडे बोट दाखवून 'आर'. त्याची आई हे सांगायला शाळेपर्यंत आली होती. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. वाटायला हवं का — मला सांगता येत नाही.

त्या वर्षी वंदना मॅडम आल्या, अतिथी शिक्षक म्हणून. अतिथी म्हणजे त्या सत्रापुरत्याच. पुढे बोलावतील की नाही, कोणी सांगू शकत नाही. पांढुर्ण्याहून रोज बसनं यायच्या. माझा खेळ मागे उभ्या राहून बघायच्या, वहीत लिहून घ्यायच्या, आणि कधी कधी स्वतःच पोरांमध्ये पळायच्या.

त्या दिवशी गोल पुसट झाले होते, म्हणून मी नव्यानं काढले. मधे गर्दी होते म्हणून आरचा गोल व्हरांड्याच्या टोकाला नेला — पायरीपाशी.

"सर, हा गोल पायरीच्या एकदम जवळ आहे. पोरं पडतीन ना," मॅडम म्हणाल्या.

"काही नाही होत मॅडम. मी किती दिवसांपासून घेऊन राहिलो हा खेळ."

तेवढ्यात माझा फोन वाजला. साळ्याचा होता, कुठल्याशा लग्नाला जायचं की नाही ते विचारत होता. तुम्ही चालू ठेवा, मी आलोच — असं म्हणून मी शाळेच्या मागे गेलो. त्यांनी चालू ठेवला. मी सांगितलं म्हणून.

आधी हसणं ऐकू येत होतं. मग एकदम शांत. मग किंकाळी. मी पळत पुढे आलो.

चौथीतली तन्वी. सगळ्यात जोरात पळणारी. ढकलाढकलीत पायऱ्यांवरून खाली गेली होती आणि तिचा हात कोपरापासून भलतीकडेच वळला होता. मॅडमनी तिला मांडीवर घेतलं होतं. हेडमास्तर धावत आले.

"कोन घेऊन राहिलं होतं हा खेळ?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलंही नाही. एक वाक्य पुरे होतं — गोल मी काढला, त्यांनी नको म्हटल्यावरही. मी म्हणालो, "मी इथं नव्हतो सर. मॅडम घेत होत्या."

यातला शब्दन् शब्द खरा होता. आणि माझं काय बिघडणार होतं? नोकरी पक्की, फार तर एक नोटीस. हे मला तेव्हाही कळत होतं — बोलताना कळत होतं.

हेडमास्तर तन्वीला घेऊन सौंसरच्या दवाखान्यात गेले. मी व्हरांड्यात आलो तर मॅडम ओल्या फडक्यानं पायरीजवळचा गोल पुसत होत्या.

"तुमचं अक्षर ओळखतीन सर, कोनी पाहिलं तर," त्या म्हणाल्या. आणि पुसत राहिल्या.

मी त्यांच्या हातातलं फडकं घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी तन्वीचे वडील आले. जे बोलले ते मॅडमना बोलले, सगळ्या शाळेसमोर. मी वर्गात हजेरी उघडून बसलो होतो. सगळं ऐकू येत होतं. तन्वीचा हात जुळला, पण थोडा वाकडाच राहिला. पुढच्या सत्रात वंदना मॅडमना बोलावलं नाही. मी मात्र तोच खेळ मैदानात घ्यायला लागलो. दुसऱ्या शाळांचे शिक्षक तो पाहायला यायचे, कौतुक करायचे. मी त्यांना खुशीनं दाखवायचो.

मागच्या वर्षी जामसांवलीला मारुतीचं दर्शन घेऊन देवळाबाहेर पडलो तर कोणीतरी वाकून पायाला हात लावला. वंदना मॅडम. सोबत लहान मुलगी. मुलीला म्हणाल्या, "हे आमचे सर. इंग्रजीचे खेळ मी ह्यायच्याकडूनच शिकली."

"आता कुठं शिकवता?" मी विचारलं.

"नाही सर, शाळा सुटली ते सुटलीच. कपड्याच्या दुकानात आहे आता."

त्या हसल्या. आम्ही गर्दीपासून बाजूला उभे होतो, कोणाचं लक्ष नव्हतं, मलाही कुठं जायची घाई नव्हती. मी मुलीला विचारलं, कितवीत आहेस. दुसरीत, ती म्हणाली. मी म्हणालो, छान. आणि चपला शोधायला वळलो.