चुकीच्या स्टँडमधला निळा शर्ट

पार्सिपनीच्या घरून निघाल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मुलगी कॉलेजच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवते, पण इतकी वर्षं तिने मला अमेरिकन फुटबॉलच्या एकाही मॅचला बोलावलं नव्हतं. "बाबा, तू चारचौघांत फार लाउड होतोस," असं एकदा म्हणाली होती. ते मला लागलं होतं. यंदा तिचं शेवटचं वर्ष. कट्टर प्रतिस्पर्धी कॉलेजशी मॅच होती आणि तिने स्वतःहून ये म्हटलं. आपल्यामुळे पोरीची मान खाली जायला नको, एवढंच गाडी चालवताना डोक्यात घोळत होतं.

घोळ तिकिटापासूनच झाला. घाईघाईत ऑनलाइन काढलेली माझी सीट निघाली पाहुण्या संघाच्या स्टँडमध्ये. सगळीकडे लाल शर्ट आणि मध्ये मी एकटा निळा. जागा बदलून मिळेना. शेजारी लाल टोपीतल्या एक गोऱ्या आजी होत्या, मागे कॉलेजची दांडगी पोरं.

आमच्या टीमकडे बॉल आला की मी उभा राहून ओरडायचो. क्रिकेटवर वाढलेला माणूस मी, आपली बॅटिंग असताना गप्प बसणं मला जमतच नाही. नवल म्हणजे मागची लाल पोरंही माझ्याबरोबर ओरडायला लागली. कुणी पाठ थोपटली, कुणी नाचोज पुढे केले. किती दिलदार पोरं, म्हणून मी हरखून गेलो. समोरच्या निळ्या स्टँडमध्ये मात्र चिडीचूप. मला त्यांचा रागच आला. घरच्या मैदानावर यांची दातखीळ बसली होती की काय?

हाफटाइम संपल्यावर आजींनी माझी बाही ओढली. आपल्या टीमकडे बॉल असला की आपण शांत राहायचं असतं, त्यांनी हळूच सांगितलं. खेळाडूंना एकमेकांचं बोलणं ऐकू यायला हवं. ते ऐकू येऊ नये म्हणून गोंगाट करतात ते विरुद्ध टीमचे लोक. म्हणजे इतका वेळ मी माझ्याच पोरांचा खेळ बिघडवत होतो आणि मागची मंडळी मला चढवत होती. आजींनी मागे वळून त्यांना चांगलंच झापलं. त्यातल्या एकाने खाली मान घालून सॉरी म्हटलं.

"पण फायदा तर तुमचाच होत होता," मी म्हणालो.

"असं कुणाला फसवून जिंकायचं तर मी एवढ्या लांब मॅच बघायला कशाला येऊ?" त्या म्हणाल्या आणि आमच्याकडे बॉल आल्याबरोबर उठून जोरात ओरडायला लागल्या.

पुढचं सगळं मी तोंड मिटून पाहिलं. नजर बॉलवर ठरेना, खाली बँडकडे जात होती. तिने पाहिलं असेल का? आम्ही थोडक्यात हरलो. त्याचंही मला धड वाईट वाटेना, इतकी मला माझी लाज वाटत होती.

गेटपाशी ती ट्रॉम्बोनची पेटी घेऊन आली, डोळे लाल. मी चुकीची सीट, क्रिकेटची सवय असं काहीबाही सांगायला लागलो.

"बाबा, अख्ख्या बँडने बघितलं तुला," ती म्हणाली. "सगळे विचारत होते, त्या लोकांबरोबर ओरडणारा ब्लू शर्टवाला कोण आहे."

"मग तू काय म्हणालीस?"

"दॅट्स माय डॅड म्हटलं."

"हे मी गप्प बसल्यावर म्हणालीस?"

"नाही रे," ती म्हणाली. "तू फुल ओरडत होतास तेव्हा."