बाईंच्या शाळेतली झोप

मोठ्या बाई शाळेत फिरायच्या तेव्हा पावलांचा आवाज म्हणून यायचा नाही. रबरी तळव्यांचे कापडी बूट, तेही वापरून वापरून मऊ पडलेले. पोरांनी त्यांचं नाव मांजरबाई ठेवलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. मुख्याध्यापिका म्हटली की लांबूनच धाक वाटला पाहिजे, असं ज्यांना वाटतं त्यांना वाटो बापडं. बाईंना काळजी एवढीच, की आपल्या चालण्याने कुणाची झोप मोडू नये.

हो, झोपच! भरल्या वर्गात, दुपारच्या तासाला लागलेली झोप. बाईंच्या शाळेत एक रीत होती, ऐकणाऱ्याला हसूच यायचं. वर्गात कुणी पेंगायला लागलं, डोकं बाकावर टेकलं, तर त्याला उठवायचं नाही. शिकवणाऱ्याने आवाज जरा खाली आणायचा, त्याच्या तोंडावर ऊन येत असेल तर पडदा ओढून घ्यायचा आणि धडा पुढे न्यायचा. जाग यायची तेव्हा येईल.

हे खूळ आलं कुठून? बाई स्वतः शाळेत होत्या तेव्हा एकदा भूगोलाच्या तासाला अशाच गाढ झोपल्या. नदीचा धडा चालू होता. सरांचे शब्द कानावर पडत होते आणि आत, झोपेत, ती नदी खरोखरच वाहत होती. उगमाशी करंगळीएवढी, मग गुडघाभर, मग पलीकडचा काठ दिसेना एवढी रुंद. जाग आली तेव्हा गालावर बाकाचा वण उमटला होता आणि शेजारच्या खिडकीचा पडदा कुणीतरी ओढून घेतला होता. म्हातारे सर फळ्याकडे तोंड करून, हळू आवाजात, समुद्रापर्यंत पोचले होते. रागावले नाहीत की काही नाही. पुढे बाई स्वतः भूगोल शिकवायला लागल्या, तेव्हा नदीच्या धड्याला त्यांना पुस्तक उघडावं लागलं नाही.

"पोर झोपतं कुठे?" नव्या शिक्षकांना त्या विचारायच्या. "जिथे त्याला भीती वाटत नाही तिथे. माझ्या तासाला कुणी झोपलं तर मला तो मान वाटतो."

नवे शिक्षक माना डोलवायचे आणि बाहेर जाऊन हसायचे. गणिताच्या सरांना मात्र तेवढंही जमायचं नाही. त्यांचं नाव टकटक सर, कारण कुणाचे डोळे मिटायला लागले की त्यांचं डस्टर टेबलावर वाजायचंच. बाईंच्या शाळेत, बाईंच्या नाकावर टिच्चून!

"बाई, ही शाळा आहे की धर्मशाळा?" प्रत्येक मीटिंगमध्ये ते म्हणायचे. "उद्या उशा आणा, परवा गाद्या!"

"उशांचं मनात आहे, सर," बाई शांतपणे म्हणायच्या.

खरं सांगायचं तर बाईंनाही अधूनमधून शंका चाटून जायची. सगळी नोकरी आपण पडदे ओढण्यात घालवली की काय? संध्याकाळी शाळा रिकामी झाली की त्या एकेका वर्गात जाऊन पडद्यांच्या कड्यांना तेल लावायच्या, कड्या वाजू नयेत म्हणून. उन्हात धूळ तरंगत असायची, बाक ओळीने निजल्यासारखे दिसायचे, आणि त्यांना वाटायचं, त्या जुन्या नदीच्या तळाशी आपण चालतोय. निवृत्ती जवळ आली होती. पुढचा मुख्याध्यापक पहिल्याच दिवशी हे सगळं बंद करणार, हे त्यांना दिसत होतं.

त्या वर्षी शेवटच्या परीक्षेला टकटक सरांची मुलगी बसली होती. परीक्षा बाहेरची, पर्यवेक्षकही दुसऱ्या शाळेचे. पेपर गणिताचा, दुपारचा. बाई व्हरांड्यातून फेरी मारत होत्या. पाहतात तर सर वर्गाच्या दाराशी काचेला नाक लावून उभे. तोंडचं पाणी पळालेलं.

"बाई, ती झोपलीय."

बाईंनी आत पाहिलं. पोरगी उत्तरपत्रिकेवर डोकं टेकून गाढ झोपली होती. पेन बोटांतून सुटलं होतं. खालची पानं कोरी.

"किती रात्री जागवलीत तिला?" बाईंनी विचारलं.

सर एकदम म्हणाले, "चुकलं माझं. पण आता उठवा हो तिला. वर्ष जाईल पोरीचं. तुमची रीत आज तेवढी बाजूला ठेवा, मी पाया पडतो तुमच्या!"

बाई आत गेल्या. पर्यवेक्षक खुर्चीत ताठ बसले होते. बाई त्यांच्या कानाशी काहीतरी बोलल्या, तसे ते म्हणाले, "परीक्षार्थीला हात लावायचा नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. मला तरी असंच सांगितलंय. झोपलेल्याला उठवणं माझ्या कामात बसत नाही."

घ्या! आयुष्यभर जे बाई दुसऱ्यांना सांगत आल्या, तेच कुणीतरी त्यांना ऐकवत होतं. आणि ऐकताना कसं लागतं, ते त्यांना पहिल्यांदा कळलं. दारापलीकडे सरांचा चेहरा काचेवर चिकटला होता. हाक मारावी? खांदा हलवावा? पोर दचकून उठेल, रडेल, हातपाय गळतील तिचे, मग गणित कुठलं सुचायला. आणि नाही उठवलं तर?

त्या चालत खिडकीपाशी गेल्या. पडदा ओढलेला होता, नेहमीसारखाच. बाईंनी त्याची कड हातात धरली आणि, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, झोपलेल्या पोरासमोरचा पडदा उघडला.

"पडदा कशाला?" पर्यवेक्षक कुजबुजले.

"उजेड कमी पडतोय मुलांना."

पडद्याबद्दल त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

ऊन बाकावरून सरकलं, पोरीच्या केसांवर आलं, कानावर आलं, गालावर आलं. तिने कपाळाला आठी घातली आणि तोंड पलीकडे फिरवलं. काचेमागे सरांनी डोळे मिटून घेतले. बाई पुढच्या खिडकीकडे गेल्या आणि तोही पडदा उघडला. कड्या वाजल्या नाहीत. आता ऊन सगळ्या बाकावर पसरलं. पोरीचे ओठ हलले, पापण्या हलल्या. मग तिने सावकाश डोकं वर केलं, गालावर बाकाचा वण, आणि उन्हाकडे पाहत राहिली, जणू कुठून तरी लांबून आलीय. मग घड्याळाकडे पाहिलं. पेन उचललं आणि लिहायला लागली. घाई नाही, रडणं नाही.

बाई आल्या तशाच, पावलं न वाजवता, बाहेर गेल्या.

घंटा झाली. मुलं बाहेर आली, ज्याच्या त्याच्या तोंडी कुठला प्रश्न सुटला आणि कुठला राहिला. सरांची मुलगी सगळ्यांच्या मागून आली आणि बापाला पाहून जागीच थबकली. पहिला प्रश्न काय येणार, हे तिला पाठ होतं.

"शेवटचे दोन राहिले, बाबा," तिने आधीच सांगून टाकलं. "बाकीचे झाले."

सर तिच्याकडे पाहत राहिले. गालावरचा तो वण पाहत राहिले.

"झोप झाली का गं?" त्यांनी विचारलं.

असं त्यांनी याआधी कधी विचारलं नव्हतं. पोरीचे डोळे भरून आले.

"नाही, बाबा."

"मग चल घरी," सर म्हणाले आणि तिच्या खांद्यावरची बॅग आपल्या खांद्यावर घेतली.