बाईंची चौथी गृहभेट

पुणे स्टेशनवर उतरल्याबरोबर शीलाबाईंनी फलाटावरची मुलं मोजली. शेजारच्या डब्यातल्या एका कुटुंबाची होती, पण बाई बोट हलवत मोजत राहिल्या.

"बाई, ती आपली नाहीत," मी म्हटलं.

"असू दे. उतरली ना सगळी?"

शीलाबाई आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या, नदीकाठच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. पावसाळ्यात डोंग्यातून (लाकडी होडीतून) नदी ओलांडून त्या शाळेत यायच्या. पाणी चढलं की मुलांना घरी धाडून स्वतः शाळेतच मुक्काम करायच्या. आता त्यांच्याच वर्गात मी शिकवते. पुण्यात नोकरीधंद्याला लागलेल्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांना बोलावलं होतं आणि सोबत म्हणून मी निघाले होते.

घ्यायला विनोद आला होता. कारखान्यात फोरमन, कानांवर पांढरे केस. "जय भीम, बाई," म्हणत तो पायांशी वाकला.

"जय भीम. एकोणतीसचा पाढा म्हण."

स्टेशनाबाहेर, भर गर्दीत विनोदने पाढा सुरू केला. एकोणतीस सातवर अडकला. रिक्षावाला बराच वेळ ऐकत होता. शेवटी म्हणाला, "काका, येत नसेल तर बसा. दोनशे तीन. निघू या?"

विनोदचं घर बिबवेवाडीत. चिंचोळी गल्ली, खाली चक्की, शिंप्याचं दुकान, चावी बनवणारा, आणि वर माणसंच माणसं. संध्याकाळी बाई स्वतः भाजी आणायला उतरल्या. "भाऊ, सांभार द्या," म्हणाल्या. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात, हे पुण्याच्या भाजीवाल्याला कोण सांगणार? त्याने मानही वर केली नाही. "सांभार हॉटेलात मिळतं, मावशी. इडलीबरोबर. इथे भाजी मिळते."

"मग तो समोर ठेवलाय तो काय आहे?"

"ती कोथिंबीर आहे."

"तेच द्या. नाव तुमचं राहू द्या."

भाजीवाला पहिल्यांदा हसला आणि जुडी जरा मोठी निवडून दिली. घरी आल्यावर बाईंनी तिच्या वड्या केल्या. सोबत विनोदच्या बायकोने गावाकडून मागवलेली लाखोरीची डाळ शिजवली होती. पुण्यातलं माझं पहिलं जेवण असं अगदी भंडाऱ्याचं झालं.

दुसऱ्या दिवशी रविवार. विनोदच्या दोन खोल्यांत बाईंचे विद्यार्थी दाटीवाटीने बसले. कोणी आयटीत, कोणी बँकेत, कोणी सुरक्षारक्षक. सगळे मोठमोठ्याने एकमेकांच्या खोड्या सांगत होते. बाई हसत होत्या, पण दार वाजलं की त्यांची नजर तिकडे जायची. चहा झाल्यावर त्यांनी विचारलंच, "रंजना नाही आली?"

"निरोप दिला होता," विनोद म्हणाला. "मांजरी गावात असते. डबे करते. पण काही उत्तर नाही दिलं तिने."

रात्री बाईंनी मला सगळं सांगितलं. रंजना सातवीपर्यंत त्यांच्याकडे होती. पुढे हायस्कूल नदीपलीकडे. वडिलांनी शाळा बंद केली. बाई तीनदा घरी गेल्या. माझ्या घरी राहू द्या, असंही म्हणाल्या. उपयोग झाला नाही. दोन वर्षांत लग्न झालं.

"एवढे लोक आज पाया पडले," बाई म्हणाल्या, "पण मला ती एकच दिसत होती. राग असेल तिचा. असू दे. उद्या जाऊ."

सोमवारी विनोद कामावर गेला आणि आम्ही बसने निघालो. मांजरी आल्यावर उतरलो आणि पत्त्याचा कागद एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला दाखवला. त्याने तो लांब धरून वाचला.

"मांजरी हीच हाय. पण तुमाला पायजे ती ही न्हाय. ही बुद्रुक. तुमची खुर्द, नदीच्या पल्याड."

बाई खुदकन हसल्या. "बघा, इथेही नदी!"

पूल ओलांडून आम्ही चालत गेलो. एका बाजूला वाऱ्यावर हलणारा ऊस, दुसऱ्या बाजूला अर्धवट उभे टॉवर. रंजनाच्या गल्लीशी आल्यावर बाई म्हणाल्या, "परत फिरायचं का गं?" मी त्यांचा हात धरला.

उघड्या दारातून गरम पोळ्यांचा वास येत होता. चाळिशीची एक बाई भराभरा पोळ्या लाटत होती. तिने वर पाहिलं आणि लाटणं हातातच राहिलं.

"बाई? अहो, तुम्ही... थांबा, हात पिठाचे आहेत!"

बाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "रंजना, तुला शाळेत ठेवता नाही आलं मला. तीनदा आले होते."

"माहीत आहे. तिन्ही वेळा मी दाराआड होते," रंजना म्हणाली. "शेवटच्या वेळी तुम्ही बाबांना म्हणालात, 'हिच्यासारखं डोकं माझ्या वर्गात दुसरं नाही.' बाबांनी दार लावलं. पण मी ऐकलं होतं ना! आमच्या घरात माझ्याबद्दल तसं कोणी बोललंच नव्हतं. नंतर कोणीही म्हणालं, तुला जमणार नाही, की मी मनात म्हणायचे, बाईंना विचारा."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. मग एकदम वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "मग काल का आली नाहीस?"

रंजनाने फळीवरून एक वही काढली. "बाहेरून दहावीला बसलेय. पास होऊन, पेढे घेऊन गावी यायचं ठरवलं होतं. तुम्ही आधीच आलात. आता सगळी मजा गेली. आणि बीजगणित तर डोक्यात शिरतच नाही."

बाईंनी वही उघडली. वर्गसमीकरणं. दोन पानं उलटली आणि वही माझ्याकडे दिली. "मला हे येत नाही. ही शिकवेल. सरक, पोळ्या मी लाटते."

"बाई, साडेबाराला डबे जायचे आहेत!"

"मग लवकर शिक."

आम्ही दोघी जमिनीवर वही पसरून बसलो. तिसऱ्या उदाहरणाला रंजनाने माझ्या हातातून पेन घेतलं आणि स्वतःच सोडवलं. मान वर करून तिने परातीकडे पाहिलं. "बाई, पोळ्या गोल नाहीत तुमच्या."

"वर्तुळ भूमितीत येतं. आज बीजगणित."

डबे वेळेवर गेले. निघताना रंजनाने आम्हाला पुलापर्यंत सोडलं आणि बाईंच्या पिशवीत गरम पोळ्यांची चवड कोंबली.

परतीच्या गाडीत बाई गाढ झोपल्या. मी मात्र जागी होते. माझ्या वर्गातली मयूरी महिनाभर शाळेत आलेली नव्हती. तिच्या घरी मी दोनदा जाऊन आले होते आणि मग, आता काय उपयोग, म्हणून तिचा नाद सोडला होता.

गावी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिसऱ्यांदा गेले. तिचे वडील दारात आडवे उभे राहिले. आत कोणी आहे की नाही, मला दिसत नव्हतं. मयूरी किती छान वाचते, ते मी सांगितलं, अगदी मोठ्याने.

वडील म्हणाले, "मॅडम, मला ऐकू येतं."

"तुमच्यासाठी नाही," मी म्हटलं, आणि पुन्हा एकदा सांगितलं.