पेंगणारा टेंपोवाला आणि त्याचं खरं वय

“मॅडम, एक सलाईन लावा. अंगात ताकदच नाय ऱ्हायली.”

दत्ताराम पिंगळे जेमतेम चव्वेचाळीसचे, पण कुणीही साठीचे म्हटले असते. खालापूरच्या एका कारखान्याचा माल स्वतःच्या टेंपोतून पोचवायचे. थकवा आला की सलाईन, ही आमच्या कर्जतकडची ठरलेली समजूत. माझ्या क्लिनिकमध्ये ते मागून मिळत नाही. बीपी बघितलं तर चढलेलं. मी पुढचा प्रश्न विचारेपर्यंत ते खुर्चीतच पेंगले.

“वय झालं आता,” दचकून जागे होत ते म्हणाले. “परवा गाडी चालवताना डोळा लागला. टेंपो इकून टाकतो.”

“घोरता का?”

सोबत आलेल्या त्यांच्या बायकोला, सुनंदाताईंना हसूच आवरेना. “म्हून तर त्यांना पडवीत झोपवतो आमी. पण झोप गाढ हाय हां त्यांची!”

इथे माझा पारा चढतो. घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे. आणि माणसाला पडवीत धाडलं की झोपेत त्याचं काय होतं ते बघायला कुणी उरत नाही. मी ताईंना सांगितलं, आज शेजारी बसा, मोबाईलवर शूटिंग करा.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच आल्या. व्हिडिओत घोरणं एकाएकी थांबत होतं. छाती हलायची, पण श्वास आत जात नव्हता. मग मोठा गचका.

“मला वाटलं, गेलेच,” ताई म्हणाल्या आणि रडू लागल्या.

हा स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घसा सैल पडून श्वासाची वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू माणसाला पुन्हापुन्हा जागं करतो. वर्षानुवर्षं असं चाललं की हृदय आणि रक्तवाहिन्या वेळेआधी थकतात. आधार कार्डावर एक वय, शरीराचं दुसरंच. स्लीप स्टडीत, म्हणजे रात्रभराच्या झोपेच्या तपासणीत, निदान पक्कं झालं. मी मशीन दिलं. नाकावरच्या मास्कमधून ते हवेचा दाब देतं आणि वाट उघडी ठेवतं. बरं वाटेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असंही बजावलं.

आठवड्याने दत्तारामभाऊ आले ते आणखी मरगळलेले.

“मशीन बंद केलं, मॅडम. पडवीत मास्क लावलेला बघून शेजारी नारळ-बिस्किटं घेऊन भेटायला आले. दोघी तर रडल्या. गावाला वाटलं, माझं काय खरं नाय.”

मला हसू फुटलं. “अहो, मशीन लावल्यावर घोरणं राहतंय का? मग बाहेर कशाला? घरात झोपा!”

हे नवरा-बायको दोघांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

काही महिन्यांत पेंगणं थांबलं, बीपी आटोक्यात आलं. पुन्हा तपासून मीच त्यांना गाडी चालवायची परवानगी दिली. टेंपो विकायचा विषय संपला. चेहरा तर असा उजळला की मलाच कौतुक वाटलं.

“आता मलाच झोप लागत नाय,” सुनंदाताई म्हणाल्या. “आवाज नाय आला की भ्या वाटतं. छातीवर हात ठेवून बघते.”

यावर माझ्याकडे मशीन नाही. पण घरातला माणूस म्हातारा झाला असं ठरवण्याआधी एकदा तो झोपेत श्वास कसा घेतो ते बघा, एवढं मी हल्ली प्रत्येकाला सांगते.