फाटलेला नमदा

झुराकान एजे हरली, असं आमच्या नारीनच्या खोऱ्यातल्या लोकांनी इतक्यांदा ठरवलं की नंतर त्यांनाच कंटाळा आला. एजे म्हणजे थोरली बहीण. अख्खा गाव तिला तेच म्हणायचा. नवरा खाणीत मेला तेव्हा ठरवलं. सगळा कळप हिवाळ्यात गोठला तेव्हा ठरवलं. घोड्यावरून पडून हात वाकडा राहिला तेव्हा तर शिक्कामोर्तबच झालं. तिनं काय केलं? आम्हा रिकामटेकड्या बायकांना गोळा करून लोकर भिजवून, दाबून करतात ते जाड नमदे करायला बसवलं.

"रडायचंय? रड की. पण उभी राहून रड. बसून रडलं की गुडघे धरतात," ती म्हणायची.

लग्नाच्या तंबूच्या छताच्या नमद्याचं काम मिळालं, तेव्हा लोकर पसरायला तिनं सिरगाला बसवलं. सिरगा आमच्यात सगळ्यात धाकटी, नवी सून. छताला कोकरांची शरदातली लोकर लागते, वसंतातल्या लोकरीचे तंतू एकमेकांना धरत नाहीत. पोरीनं घाईत मधोमध नेमकी वसंतातली पसरली. लव्हाळ्याच्या चटईत गुंडाळून, उकळतं पाणी ओतून आम्ही सकाळभर ती गुंडाळी कोपरांनी दाबत लाटली. उघडली तर मधल्या भागाच्या चिंध्या!

तिची सासू कालबूबू लगेच हजर. "चल घरी. हिच्या हाताला गुणच नाही. पुन्हा लोकरीला शिवायचं नाही!"

आमच्याकडे सुनेवर हा शिक्का बसला की जन्मभर पुसत नाही. सिरगानं कमरेचं फडकं सोडलं. माझं तर डोकंच फिरलं. ही कालबूबू बोलणार? जिनं आयुष्यात एक धड मोजा विणला नाही!

एजे हसली. "कालबूबू, नवी होतीस तेव्हा तू आपल्या खारट चहात मीठच घालायला विसरलीस. तुला पाठवलं का माहेरी?" मग सिरगाकडे वळून म्हणाली, "फडकं बांध. जिथं फाटलंय तिथूनच भर. तूच भर."

चिंध्या उपटल्या, शरदातली लोकर भरली, पुन्हा उकळतं पाणी, पुन्हा गुंडाळी. कालबूबू जायला निघाली, आणि तिथंच फसली. नमदा लाटताना दिसला की कोपर टेकवल्याशिवाय आमच्यात कुणी पुढं जात नाही. जो जातो, त्याच्या अंगणात मग कुणी फिरकत नाही.

"काय गं, टेकवतेस कोपर, की तशीच जातेस?" एजेनं सगळ्या शेजारणींना ऐकू जाईल असं विचारलं.

कालबूबू पुटपुटत सुनेशेजारी गुडघ्यांवर बसली. आधी पाठ दुखते म्हणाली, मग पाणी गार आहे म्हणाली. थोड्या वेळानं आम्हालाच दटावू लागली, "सगळ्या एकदम दाबा! झोपलात काय?" एजेचा वाकडा हात टेकत नव्हता, म्हणून ती पाठ लावून गुंडाळी रेटत होती. उन्हं उतरेपर्यंत सगळ्यांची कोपरं सोलवटली.

नमदा उघडला तेव्हा, ज्याच्या लग्नाचा तंबू होता त्या नवरदेवाचा चुलता आला. सकाळची बातमी त्याच्या कानावर होतीच. त्यानं मधला भाग चिमटीत धरला. "इथं पुन्हा फाटणार नाही ना?"

सिरगा मागं सरली. एजे तोंड उघडणार, तेवढ्यात कालबूबू उसळली.

"ओढ की! दोन्ही हातांनी ओढ! माझ्या सुनेनं केलाय तो."