कॉम्प्युटरच्या पोटातला कॉम्प्युटर

आधी चहा घ्या आणि हसणार नाही असं कबूल करा, मगच सांगते. केलंत कबूल? बघा हां, मागाहून फिरायचं नाही. कारण माझी अशी फजिती झालीय की आमच्या घरात अजून कोणी रोह्याचं नाव काढलं, तरी मी ताटात बघून जेवते.

मी पेणला कॉम्प्युटरचा क्लास चालवते, हे तुम्हाला माहीतच आहे. अर्धं पेण माझ्याकडे माउस धरायला शिकलंय. त्यामुळे सासरी माझा रुबाब काय विचारता! कुणाचा मोबाइल हँग झाला, मला फोन. कुणाचा मिक्सर बंद पडला, तरी मला फोन. आता मिक्सरचा आणि माझा काय संबंध? पण एकदा मोठेपणा अंगाला लागला की नाही म्हणवत नाही हो.

तर माझ्या थोरल्या नणंदबाई, शैलाताई, रोह्याला लग्नपत्रिका बनवतात. पत्रिका कॉम्प्युटरवर त्या सजवतात आणि फाइल छपाईला पेणच्या प्रेसवर पाठवतात. त्यांचं सगळं काम एका जुन्या मराठी प्रोग्रॅमवर. तो फक्त विंडोज एक्सपीवर चालतो. नव्या कॉम्प्युटरवर टाकलात तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. आणि ऐन लग्नसराईत त्यांच्या त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरने राम म्हटला.

शैलाताईंचा रडवेला फोन आला. त्यांच्याकडे निडी गावचे हरीकाका येऊन बसले होते. जन्म मिठागरात गेलेला माणूस, धाकट्या मुलीचं लग्न काढलेलं. मुलीचा एकच हट्ट: थोरल्या बहिणीची होती तशीच पत्रिका हवी. तीच वेलबुट्टी, तोच गणपती, तीच अक्षरं. ती फाइल नेमकी मेलेल्या कॉम्प्युटरात. प्रेसवाला म्हणत होता, आज संध्याकाळपर्यंत द्या, नाहीतर पुढच्या आठवड्यात बघू. मग पत्रिका वाटायच्या कधी, अक्षता पडल्यावर?

मी म्हटलं, "ताई, अजिबात घाबरू नका. मी तुमच्या जुन्या कॉम्प्युटरला नव्याच्या पोटात घालते."

बोलले आणि सकाळीच लॅपटॉप घेऊन रोह्याला पोचले.

जुन्याची हार्डडिस्क धडधाकट होती. तिची नक्कल लॅपटॉपमध्ये घेतली आणि लॅपटॉपला सांगितलं, आता एक खोटा कॉम्प्युटर बनव. खोटा म्हणजे हाताला लागणारं काहीच नाही. त्याची मेमरी खोटी, डिस्क खोटी, पडदा म्हणजे माझ्याच पडद्यावरची एक चौकट. पण आत बसणाऱ्या एक्सपीला त्याचा पत्ताच नसतो! त्याला वाटतं, आपण नेहमीच्या टेबलावर, नेहमीच्या डब्यात आहोत. मी हे शिकवते, तरी खरं सांगू? दर वेळी ते सुरू होताना मी खुर्चीच्या टोकाला येऊन बसते.

आणि झालं की हो सुरू! ती जुनी धून वाजली, हिरवी टेकडी आली, निळं आभाळ आलं. शैलाताईंनी तोंडावर हात ठेवला. त्यांच्या सगळ्या फाइली जिथल्या तिथे होत्या. हरीकाका बाकावरून उठले, दाराशी जाऊन चपला काढून आले आणि मग जवळ उभे राहिले. लॅपटॉपच्या मागे वाकून बघितलं. मागे भिंत.

"म्हंजे मेलेला आतमदी जिता हाय?" त्यांनी हळूच विचारलं.

मी हो म्हटलं, आणि काय सांगू, क्षणभर मलाही स्वतःचं कौतुक वाटलं.

थोरलीची पत्रिका उघडली. आता फक्त नावं आणि तारीख बदलायची आणि फाइल बाहेर काढायची. पेनड्राइव्हला आतला कॉम्प्युटर ओळखच दाखवेना. म्हटलं, नो प्रॉब्लेम, नेटवरून काढू. माझ्या क्लासची एक साधी जुनाट वेबसाइट आहे, तिच्यावर फाइल चढवली की प्रेसवाला उतरवून घेईल. बदल नंतर करू, आधी वाट मोकळी करू.

तर कोपऱ्यात लाल फुली. आणि इंग्रजीत सूचना: नेटवर्क केबल निघालेली आहे.

लॅपटॉपवर नेट मस्त पळत होतं. फक्त त्या चौकटीच्या आत नाही. शैलाताईंनी अगदी सरळ प्रश्न विचारला, की बाहेर चालतंय तर केबल निघाली कशी म्हणायची? त्यावर मी काय म्हणावं? मी म्हटलं, "ताई, नव्याला थोडं ढिलं चालतं, जुन्याला नाही चालत." कुठून सुचलं, देव जाणे. पण त्यांनी मान डोलावली, आणि त्यांनी डोलावली म्हणून मलाही ते पटलं.

मग काय, केबलच्या मागेच लागले. राउटरची वायर काढली, फुंकर मारली, परत घातली. लाल फुली. राउटर बंद करून चालू केला. लाल फुली. कपाट सरकवलं, तर मागे वायर जरा कुरतडल्यासारखी. सापडला चोर! उंदीर आहे, मी जाहीर करून टाकलं, आणि केबलवाल्या संदेशला बोलावलं.

संदेश शिडी घेऊन आला. बिचाऱ्याने तपासून सांगितलं, म्याडम, नेट फुल्ल येतंय. मी त्याला इंग्रजी सूचना दाखवली. समोर लिहिलेलंच असल्यावर तो तरी काय बोलणार? चढला खांबावर. तिथली पेटी उघडून त्याने काहीतरी काढलं, आणि सगळ्या आळीचं नेट गेलं. झेरॉक्सवाला आला, औषधवाला आला, एक बाई हातात भाजीची पिशवी घेऊन आली, मोबाइलवरून पैसे जात नव्हते म्हणून. सगळे दारात. आणि मी आतून प्रत्येकाला समजावतेय की जुनी वायर उंदराने खाल्ली आहे, सगळ्यांच्याच भल्याचं काम चाललंय.

संदेशने खांबापासून घरापर्यंत नवी कोरी वायर ओढली. आळीचं नेट आलं. माझी लाल फुली जागची हलली नाही.

प्रेसवाल्याचा फोन येऊन गेला. शैलाताई सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. हरीकाका बाकावर बसून पंच्याने तोंड पुसत होते, आणि माझ्याकडे अशा विश्वासाने बघत होते की मला रडू फुटायचं बाकी होतं. पोरीला घरी जाऊन काय सांगणार होता तो माणूस?

काहीच सुचेना, म्हणून मी त्या खोट्या कॉम्प्युटरची सेटिंग उघडली. अगदी तळाशी एक इवलासा चौकोन होता. त्यासमोर लिहिलेलं, 'केबल कनेक्टेड'. आणि चौकोन रिकामा.

अहो, विचार करा! खोट्या कॉम्प्युटरला खोटी केबल असते. ती लावता येते, काढता येते. ती निघाली की आतल्या एक्सपीला बरोब्बर कळतं आणि तो इमानेइतबारे सांगतो, केबल निघालीय. बिचारा सकाळपासून अक्षरशः खरं सांगत होता. ज्याने कुणी हे बनवलं असेल, त्याच्या बुद्धीला मी मनातल्या मनात नमस्कार केला. माझ्या अंगावर काटा आला.

आणि मग दुसरा काटा आला. कारण ती टिक सकाळी मीच काढली होती. मशीन बनवताना तो चौकोन दिसला, तेव्हा मी शहाणी म्हणाले होते, इथे वाय-फाय आहे, केबल कशाला हवीय?

गपचूप टिक केली. लाल फुली गेली. माझ्या क्लासची वेबसाइट उघडली, माझ्या जुन्या फोटोसकट. शैलाताई "आलं, आलं!" म्हणाल्या, तसा बाहेर शिडीवरून संदेश ओरडला, "बोललो ना म्याडम, वायरच व्हती!" दारातल्या लोकांनी त्याची पाठ थोपटली. शैलाताई त्याच्यासाठी चहा ठेवायला धावल्या. चला, मी म्हटलं, झाकली मूठ. कोणाला काही कळायचं कारण नाही.

पण हरीकाका माझ्या खांद्यामागेच उभे होते.

"वायर तं त्यानं मघाशीच बदलली," ते म्हणाले. "आता तुमी काय केलात?"

खोटं बोलवेना. मी सांगितलं की आतल्या कॉम्प्युटरला आतलीच एक वायर असते, ती निघालेली होती.

"ती हाय कुठं?"

"कुठेच नाही काका. ती खरी नसते."

"नसलेली वायर निघाली व्हती?"

"हो."

"मंग काढली कोनी?"

आता आली का पंचाईत! शैलाताई चहाचा कप घेऊन दारात थांबलेल्या, संदेश खिडकीत.

"मी," मी म्हटलं.

काकांनी पुन्हा एकदा लॅपटॉपच्या मागे वाकून बघितलं. मग त्यांनी हात जोडले, मला. चेष्टा नाही हो, मनापासून.

"म्याडम, तुमची विद्या लय मोठी हाय. नाय ती वायरपन तुमी काढू शकता." मग शैलाताईंकडे वळून म्हणाले, "पोरीचं नाव तेवढं तू घाल गो शैला."

मी मुकाट्याने खुर्ची सोडली.