चिंधी बांधलेल्या ओळी

पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर माझ्या लॅपटॉपचा टचपॅड मुका झाला होता. सकाळीच मी लिनक्सच्या फाइलीत इंटरनेटवरून उचललेल्या चार ओळी हौसेनं टाकल्या, आणि तेव्हापासून स्क्रीनवरचा बाण हलेना. दुपारी सौंसरच्या शाळेत दाखवायचं होतं, लिनक्ससारखी फुकटची सिस्टीमही उत्तम चालते म्हणून!

शेजारी संत्र्याच्या कलमांची जुडी मांडीवर घेऊन एक शेतकरी बसला होता.

"काय करून राहिले जी? आमच्या घरीबी लिनक्सच आहे."

त्यानं मातीची बोटं रुमालाला पुसली आणि नुसत्या कीबोर्डवर फाइल उघडून ओठ हलवत वाचली.

"या ओळी टचपॅड चालवणाऱ्या जुन्या प्रोग्रामच्या, ड्रायव्हरच्या आहेत, सर. तुमच्या मशीनले नवा लागते."

मी त्या पुसायला गेलो, तर त्यानं माझं मनगटच धरलं.

"पुसू नका. बगीच्यात झाड रोगट दिसलं तं आमी आधी चिंधी बांधतो. आपण कुठं चुकलो, ते ध्यानात राह्यते."

चारही ओळींपुढे त्यानं # टाकला. आता मशीन त्या वाचणार नव्हतं. लॅपटॉप पुन्हा सुरू केला, बोट फिरवलं आणि बाण धावला! मी असा ओरडलो की कंडक्टरनं वळून पाहिलं.

शाळेत त्या दुपारी मी आधी चिंध्या दाखवल्या, मग टचपॅड.